गठ्ठा बांधणारा आणि गठ्ठा सोडणारा

तहसील कचेरींतील जुन्या अभिलेखांच्या खोलींत ज्यानें एकदां तरी पाऊल टाकलें आहे, त्याला कापडांत बांधलेले बस्ते ठाऊक असतात. एक मनुष्य कागद जुळवितो, बस्ता बांधतो, वर चिठ्ठी लावतो आणि यथाकाल सेवानिवृत्त होऊन घरीं जातो. वीस-तीस वर्षांनीं दुसराच कोणी ती गांठ सोडावयास येतो. ह्या दोघांची भेट कधींच होत नाहीं. पहिल्याला दुसऱ्यासाठीं जें सांगून ठेवावयाचें असेल, तें त्या चिठ्ठींतच सांगून ठेवावें लागतें. आजच्या भाषणाचा विषय संगणकाचा आहे. आवळून बांधलेले संग्रह लिहिण्या-वाचण्यासाठीं प्रोग्राम लिहिणाऱ्यांना जो इंटरफेस द्यावयाचा, त्याची रचना कशी असावी, हा तो विषय. परंतु त्याचें सारें मर्म ह्या दोन अनोळखी माणसांच्या व्यवहारांत आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याचे तालुके आठ. पूर्वीं ह्या मुलखांत मालगुजारी चालत असे. १९५० च्या कायद्यानें ती पद्धति रद्द झाली. गांवकऱ्यांनीं जळाऊ लांकूड कोठून आणावें, गुरें कोठें चारावीं, याची नोंद निस्तारपत्रकांत केली जाते. पाण्याचे, मासेमारीचे व वहिवाटीच्या वाटांचे रिवाज वाजिब-उल-अर्ज या नांवाच्या पत्रकांत असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्यांत ह्या दोन्ही पत्रकांना स्थान आहे. २००६ चा वनहक्क कायदा झाल्यापासून तर अशा जुन्या कागदांचें मोल फारच वाढलें आहे. देवरी किंवा सालेकसा तालुक्यांतील एखाद्या ग्रामसभेला आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क शाबीत करावयाचा असेल, तर असें एक जीर्ण पान तिच्या बाजूनें साक्ष देऊं शकतें.

आतां श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, एका तालुक्यांतील अशा सर्व पानांचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं, गांवोगांवचे फोल्डर झाले आणि अखेर तीं सारीं मिळून एकच आवळलेला संग्रह, ज्याला व्यवहारांत झिप फाइल म्हणतात तो, तयार करण्यांत आला. प्रोग्रामनें पडद्यावर ‘काम पूर्ण झालें’ अशीं अक्षरें दाखविलीं. मूळ छायाचित्रें जागा अडवितात म्हणून पुसून टाकण्यांत आलीं. वर्षभरानें एका ग्रामसभेनें आपल्या गांवचें पत्रक मागितलें, आणि संग्रह कांहीं केल्या उघडेना. चौकशीअंतीं निष्पन्न झालें तें असें : संग्रहाचा शेवटचा भाग लिहितांना डिस्कवरील जागा संपली होती. प्रोग्रामला तें कळलें नाहीं, कारण त्यानें विचारलें नाहीं. आणि त्यानें विचारलें नाहीं, कारण ज्या इंटरफेसच्या द्वारें तो काम करीत होता, त्यानें तसा प्रश्न विचारण्याची सोयच ठेविली नव्हती. ही गोष्ट कल्पित आहे. तिच्यांतील दोष मात्र कल्पित नाहीं.

इंटरफेस हा शब्द बोजड वाटतो, पण वस्तु परिचयाची आहे. गोंदिया हें भात-गिरण्यांचें गांव. शेतकरी गिरणींत धान घेऊन जातो आणि तांदूळ घेऊन येतो. आंत रोळे कसे फिरतात, चाळण्या कशा हालतात, हें त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. परंतु धान किती भरलें, तांदूळ किती उतरला, कणी किती पडली, कोंडा कोणाचा, हें त्याला कळलेंच पाहिजे. गिरणीच्या दारांत जो बोलण्याचा व मोजण्याचा व्यवहार चालतो, तो गिरणीचा इंटरफेस. तसेंच संगणकांत एका प्रोग्रामनें दुसऱ्याला कोणतीं कामें कोणत्या शब्दांत सांगावयाचीं आणि उत्तर कोणत्या स्वरूपांत घ्यावयाचें, याविषयींचा जो करार, त्याला प्रोग्रामिंग इंटरफेस म्हणतात. तो रचणाऱ्यानें एकच सूत्र ध्यानीं ठेवावें : यंत्र झांकावें, हिशेब झांकूं नये.

हिशेब कोणता, हें समजण्यासाठीं यंत्राकडे क्षणभर पाहिलें पाहिजे. अनेक फाइली एकत्र बांधणें ही एक क्रिया आणि त्यांचा आकार आवळणें ही दुसरी. युनिक्स प्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तींत आलेला ‘टार’ हा प्रोग्राम केवळ बांधण्याचें काम करतो; आवळणें दुसऱ्यावर सोंपवितो. झिप पद्धतींत दोन्ही क्रिया एकत्र आहेत : प्रत्येक नग स्वतंत्रपणें आवळला जातो आणि मग एकत्र बांधला जातो. ही पद्धति अमेरिकेंतील फिल काट्झ यानें १९८९ मध्यें प्रचारांत आणिली.

आवळण्याची युक्ति दुहेरी आहे. इस्रायलमधील अब्राहम लेम्पेल व जेकब झिव्ह यांनीं १९७७ मध्यें असें दाखविलें कीं, एखादी अक्षरमाला पुन्हां आली तर ती पुन्हां लिहिण्याऐवजीं ‘इतकें मागें जा आणि तेथून इतकीं अक्षरें उचल’ एवढेंच लिहिलें तरी पुरते. सरकारी कागदांत ‘सदर गांवच्या रहिवाशांस’ हे शब्द दर ओळीला येतात. तेथें ही युक्ति किती फळ देईल, हें सांगावयास नको. दुसरी युक्ति डेव्हिड हफमन यानें १९५२ मध्यें प्रसिद्ध केली : जें चिन्ह वारंवार येतें त्याला आंखूड संकेत द्यावा, क्वचित् येतें त्याला लांब. ह्या दोहोंच्या संयोगाला ‘डिफ्लेट’ असें नांव आहे आणि १९९६ मध्यें त्याचें उघड वर्णन प्रसिद्ध झालें. त्यांत मागें पाहण्याची मर्यादा ३२,७६८ बाइटांची आहे आणि एका वेळीं उचलावयाच्या मजकुराची २५८ बाइटांची. छायाचित्रें मात्र बहुधा आधींच दुसऱ्या रीतीनें आवळलेलीं असतात. तीं पुन्हां आवळूं गेल्यास वेळ जातो, जागा वांचत नाहीं. म्हणून प्रत्येक नग आवळावा कीं जसाच्या तसा ठेवावा, हें सांगण्याची मोकळीक इंटरफेसनें दिलीच पाहिजे.

एखादा नग आवळल्यावर किती लहान होईल, हें तो आवळून झाल्यावांचून कळत नाहीं. म्हणून झिप संग्रहांत सर्व नगांची यादी आरंभीं नसून शेवटीं असते. तिच्यांत प्रत्येक नगाचें नांव, त्याचा मूळ आकार, आवळलेला आकार, तपासणीचा आंकडा आणि तो नग संग्रहांत कोठें सुरू होतो, हें लिहिलेलें असतें. यादीच्याहि शेवटीं, कमींत कमी २२ बाइटांची, एक समाप्तीची नोंद असते; ती यादी कोठें आहे तें सांगते. बांधणारा अशा रीतीनें पुढें पुढें जातो. सोडणारा मात्र शेवटापासून आरंभ करतो. पांचशें गांवांच्या संग्रहांतून एकाच गांवचें एकच पान क्षणांत काढतां येतें, तें या यादीमुळें. आणि पानें सर्व शाबूत असूनहि संग्रह उघडत नाहीं, तोहि बहुधा ही यादी नसल्यामुळेंच.

यावरून पहिला नियम असा निघतो कीं, लिहिणारा व वाचणारा यांच्यासाठीं इंटरफेसचीं दोन वेगळीं अंगें असावींत. लिहिणाऱ्याच्या अंगांत तीन क्रिया पुरतात : संग्रह सुरू करणें, एकेक नग भरणें, आणि संग्रह पूर्ण करणें. यांतील तिसरीची रचनाकार बहुतेक वेळां उपेक्षा करतात. पायथन या भाषेंत झिप संग्रहासाठीं जो विभाग आहे, त्याच्या माहितीपत्रकांत अशी सूचनाच दिलेली आहे कीं, संग्रह बंद केल्यावांचून प्रोग्राम संपविल्यास आवश्यक नोंदी लिहिल्या जाणार नाहींत. म्हणजे ‘बंद करणें’ हें दिवा मालविण्यासारखें आवराआवरीचें काम नव्हे. संग्रहाला संग्रहपण येतें तें त्याच क्षणीं. तेव्हां ही क्रिया अयशस्वी झाली तर इंटरफेसनें तें स्पष्ट शब्दांत सांगितलें पाहिजे, आणि तें ऐकणें प्रोग्राम लिहिणाऱ्याला टाळतां येऊं नये.

याच्याच जोडीला आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. कित्येक भाषांमध्यें, काम मध्येंच फसलें तरी उघडलेली वस्तु आपोआप बंद होईल अशी सोय असते. सोय चांगली, पण ती संग्रहाला लाविली तर काय घडतें? हजार पानांपैकीं चारशें भरून झालीं, पुढचें छायाचित्र वाचतां आलें नाहीं, प्रोग्राम थांबला. आणि थांबतां थांबतां त्यानें चारशें पानांची यादी लिहून संग्रह नीट बंद केला. आतां हा संग्रह कोठेंहि उघडतो, कोणतीहि तक्रार करीत नाहीं, आणि त्यांत सहाशें पानें नाहींत. न उघडणाऱ्या संग्रहापेक्षां हा अधिक घातक. कारण त्याच्यावर विश्वास बसतो. म्हणून ‘पूर्ण कर’ आणि ‘टाकून दे’ अशा दोन पृथक् आज्ञा असाव्यात, आणि पूर्ण करण्याची आज्ञा मिळाली नाहीं तर संग्रह टाकलेलाच समजावा. उत्तम रीत अशी कीं, संग्रह प्रथम तात्पुरत्या नांवानें लिहावा आणि पूर्ण झाल्यावरच त्याला खरें नांव द्यावें. बस्त्याला चिठ्ठी लावावयाची ती गांठ मारल्यावर, आधीं नव्हे.

वाचणाऱ्याच्या अंगाविषयीं असें सांगतां येईल कीं, त्यानें यादीच प्रमाण मानावी. जावा भाषेंत १९९७ पासून दोन वेगळे मार्ग आहेत; एक यादी पाहून नग काढतो, दुसरा आरंभापासून जसजसे नग येतील तसतसे वाचीत जातो. नेटवर्कवरून येणारा संग्रह शेवट येण्यापूर्वींच वाचावयाचा असेल, तर दुसऱ्या मार्गावांचून गत्यंतर नाहीं. परंतु यादींतून काढून टाकलेला नग संग्रहाच्या पोटांत तसाच पडून राहिलेला असूं शकतो, आणि आरंभापासून वाचणाऱ्याला तो जिवंत दिसतो. एकाच संग्रहाविषयीं दोन वाचक दोन साक्षी देतात. म्हणून दुसरा मार्ग द्यावयाचा झाल्यास त्याला वेगळें नांव द्यावें आणि त्याचा धोका नांवाजवळच सांगावा.

दुसरा नियम नांवांविषयींचा आहे, आणि तो मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. १९८१ च्या आयबीएम संगणकाबरोबर जी इंग्रजी वळणाची चिन्हमाला आली, तींतच नांवें लिहावयाचीं असें झिप पद्धतीनें मुळांत गृहीत धरलें होतें. तींत देवनागरीला स्थान नव्हतें. युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ पासून आहे. परंतु ‘या नगाचें नांव युनिकोडच्या यूटीएफ-८ रीतीनें लिहिलें आहे’ असें सांगणारी खूण झिपच्या वर्णनांत २००६ मध्यें दाखल झाली. खूण केवढी? एका बिटाची. ‘गोंदिया’ हा शब्द यूटीएफ-८ मध्यें सात चिन्हांचा, म्हणून २१ बाइटांचा होतो. लिहिणाऱ्यानें तो एक बिट लावावयाचा विसरल्यास वाचणाऱ्याच्या पडद्यावर गोंदियाच्या जागीं एकवीस विचित्र चिन्हांची रांग उभी राहते.

पुढची अडचण याहूनहि नाजूक आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दांतील ‘ऱ’ युनिकोडमध्यें दोन रीतींनीं लिहितां येतो : एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, अथवा साधा ‘र’ आणि त्याखालीं नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. बाइट मात्र पहिल्याचे तीन आणि दुसऱ्याचे सहा. एकानें पहिल्या रीतीनें भरलेला फोल्डर दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें शोधला, तर ‘असा फोल्डर नाहीं’ असें उत्तर येतें, आणि फोल्डर तर डोळ्यांपुढें असतो! इंटरफेसनें येथें काय करावें? नवीं नांवें लिहितांना खूण न विसरतां लावावी. शोधतांना दोन्ही रीती एकच समजण्याची सोय द्यावी. आणि जुन्या, खूण नसलेल्या संग्रहांतील नांव स्वतःच्या तर्कानें बदलूं नये. मूळ बाइट जसेच्या तसे मागणाऱ्याच्या हातीं द्यावेत. ज्यानें तो गांव पाहिला आहे, त्याला तें नांव लावतां येईल. यंत्राला येणार नाहीं.

तिसरा नियम अविश्वासाचा आहे. संग्रहाची यादी म्हणजे कोणी तरी लिहिलेलें विधान. तें खरेंच असेल असें नाहीं. नगाच्या नांवांत ‘एक पायरी वर जा’ असा अर्थ असलेल्या दोन टिंबांच्या खुणा पेरून, सोडणाऱ्याच्या संगणकांत नको त्या ठिकाणीं फाइल लिहवून घेतां येते. २०१८ मध्यें ‘झिप स्लिप’ या नांवानें हा दोष गाजला, कारण तो अनेक भाषांतील अनेक लायब्रऱ्यांत आढळला. आकाराचेंहि तसेंच. डिफ्लेट रीतीनें मजकूर हजारांहून किंचित् अधिक पट आवळतां येतो. आणि संग्रहाच्या पोटांत संग्रह अशा थरांनीं रचलेली, अवघ्या ४२ केबींची एक प्रसिद्ध फाइल पूर्णपणें उलगडल्यास सुमारें ४५ लाख जीबी इतका पसारा होतो. तेव्हां सोडतांना ‘याच जागेच्या आंत’ आणि ‘इतक्याच आकारापर्यंत’ ह्या दोन मर्यादा इंटरफेसनें आपण होऊन लावाव्यात. ज्याला त्या नकोत त्यानें तसें मुद्दाम सांगावें.

प्रत्येक नगाबरोबर ३२ बिटांचा तपासणीचा आंकडा असतो, त्याला सीआरसी म्हणतात. मजकूर वाटेंत बिघडला तर तो बहुतेक नेहमीं ओळखूं येतो. कोणी हेतुपुरस्सर बदलला तर मात्र हा आंकडा पुरेसा नाहीं. तो जुळला कीं नाहीं, हें नग संपूर्ण वाचल्यावरच कळतें. म्हणून तुकड्यातुकड्यांनीं मजकूर देणाऱ्या इंटरफेसनें शेवटच्या तुकड्यानंतर निकाल सांगितलाच पाहिजे. अर्ध्यावर वाचन सोडणाऱ्याला ‘तपासणी झाली नाहीं’ असें उत्तर मिळावें. ‘ठीक आहे’ असें नव्हे.

शेवटचा नियम मर्यादेचा. मूळ झिप पद्धतींत नगांची संख्या ६५,५३५ पर्यंत आणि आकार ४ जीबीपर्यंतच मावत असे. २००१ मध्यें ‘झिप-६४’ या विस्तारानें ती अडचण दूर केली. पण तो विस्तार न जाणणारे प्रोग्राम अजूनहि भेटतात. एका जिल्ह्याचीं जुनीं पानें एकत्र केल्यास ही संख्या सहज ओलांडली जाते. अशा वेळीं, आंकडा मावत नाहीं म्हणून त्याचें डोकें छाटून लहान आंकडा लिहिणें, हा सर्वांत वाईट मार्ग. इंटरफेसला विस्तार येत असेल तर वापरावा. येत नसेल तर ‘हें माझ्यानें होणार नाहीं’ असें त्यानें आरंभींच सांगावें. नकाराला लाज नाहीं. खोट्या नोंदीला आहे.

एवढें सारें सांभाळणारा इंटरफेस वापरावयास अवघड होईल, अशी शंका येणें साहजिक आहे. तसें होण्याचें कारण नाहीं. ‘ह्या फोल्डरचा संग्रह कर’ आणि ‘ह्या संग्रहांतून अमुक पान दे’ हीं दोन वाक्यें बोलून नव्वद कामें भागावींत. खोलांतल्या किल्ल्या उरलेल्या दहा कामांसाठीं मागच्या दारीं असाव्यात. सोपेपणा हवाच. फक्त त्या सोपेपणापोटीं अपयश गिळून टाकलें जाऊं नये.

आणि ज्या कचेरींत असे संग्रह तयार होतात, तेथील माणसांसाठीं एक साधी रीत आहे, तिला प्रोग्राम लिहितां येण्याची आवश्यकता नाहीं. संग्रह तयार झाला कीं तो दुसऱ्या संगणकावर, शक्य तर दुसऱ्याच प्रोग्रामनें, उघडावा. सर्व नग शेवटपर्यंत वाचून तपासणीचे आंकडे जुळवावेत. नगांची संख्या मूळ पानांच्या संख्येशीं ताडून पाहावी. हें होईपर्यंत मूळ छायाचित्रें पुसूं नयेत, आणि कापडांतले बस्ते तर मुळींच टाकूं नयेत. सालेकशाच्या एखाद्या गांवांतून वीस वर्षांनीं जो कोणी आपल्या जंगलाचा कागद मागावयास येईल, त्याचें नांव आज कोणालाहि ठाऊक नाहीं. गठ्ठा बांधावयाचा आहे तो त्याच्यासाठीं.